चार सेंटीमीटरची दुरुस्ती

धाकटी लेक रविवारी दुपारी येणार म्हणून आप्पांनी सकाळपासून जेवणाचं टेबल तीनदा पुसलं होतं. चौथ्यांदा फडकं हातात घेतलं तेव्हा सून म्हणाली, "बाबा, आता त्याचा रंग निघेल." आप्पांनी फडकं ठेवलं आणि खिडकीचा पडदा सरळ करायला गेले. तो सरळच होता.

बायको जाऊन अकरा महिने झाले होते आणि तेवढेच महिने धाकटी या घरात आली नव्हती. त्याआधी यायची तीही आईसाठी. आप्पा समोर आले की 'कसे आहात', 'बरा आहे', एवढ्यावर दोघांनी बावीस वर्षं निभावली होती. आता एक्केचाळिसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं, रोपवाटिकेत काम करणाऱ्या एका शांत माणसाशी. येत्या शनिवारी नोंदणी कार्यालयात सह्या व्हायच्या होत्या. तिच्या बाजूने दोन साक्षीदार लागत होते. एक तिचा दादा. दुसरं नाव तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आप्पांचा सगळा जीव त्या दुसऱ्या नावात अडकला होता. तोंडाने मागायचं तर स्वभाव आडवा येत होता. म्हणून त्यांनी ड्रेस शिवला.

हो, ड्रेस. पालिकेच्या नकाशा विभागात छत्तीस वर्षं रेघा ओढलेल्या आणि उभ्या आयुष्यात स्वतःच्या शर्टाचं तुटलेलं बटणही न लावलेल्या माणसाने, सत्तराव्या वर्षी, बायकोच्या मशीनवर बसून. ऑफिसात त्यांना पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत. घरातही म्हणत, फक्त जरा हळू आवाजात.

झालं होतं असं की बायकोचं कपाट आवरताना तळाशी एक पिवळं पडलेलं पाकीट सापडलं. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या ड्रेसचा कागदी नमुना. पाकिटावरच्या चित्रातल्या बाईची कंबर इतकी बारीक की तिने महिनाभर अन्नाला शिवलं नसावं. आत चुरगळलेले पातळ कागद, शिवायच्या सूचनांचं एक पत्रक, आणि पाकिटाखाली घडी घातलेलं गडद निळं कापड. पाकिटावर बायकोच्या अक्षरात मापं होती आणि मापांखाली लिहिलं होतं, 'ठिपकी'. हे नाव आप्पांनीच ठेवलेलं. जन्मली तेव्हा ती नकाशावरच्या गावाच्या ठिपक्याएवढी दिसली होती त्यांना. ड्रेस का राहिला हे त्यांना ठाऊक नव्हतं. बायकोचं एक काम राहून गेलं, ते आपण पुरं करू, आणि लेकीच्या हातात देऊ, एवढंच त्यांच्या मनात आलं. धाकटीचं माप अजून तेच आहे, ही बातमी सुनेने गोड बोलून काढून आणली.

तीन महिने लागले. पहिल्या आठवड्यात सुई नखातून गेली. कॉलर चार वेळा उलटी लागली. बॉबिन नावाच्या वस्तूशी त्यांचं जे भांडण झालं ते ऐकून शेजाऱ्यांनी दार वाजवून विचारलं होतं, कुणी पडलं का म्हणून. पण विचारायला ते कुणाकडे गेले नाहीत. बायकोची बहीण, मुलांची मावशी, तीस वर्षं गणवेशांच्या कारखान्यात शिवणकाम करून निवृत्त झालेली, दोन गल्ल्या सोडून राहत होती. तिने स्वतः होऊन विचारलं, "भाऊजी, येऊ का एकदा बघायला?" तेव्हा आप्पा म्हणाले, "कागद वाचता येतो मला." तिने पुन्हा विचारलं नाही.

बेल वाजली. दारात धाकटी आणि मावशी दोघी एकत्रच उभ्या होत्या. एकाच गाडीतून आल्या होत्या. आप्पांना ते खुपलं, पण त्यांनी दोघींच्या चपला भिंतीला समांतर लावून ठेवल्या.

"कसे आहात?" धाकटीने विचारलं.

"बरा आहे."

दादा सोफ्यावर पाय पसरून बसला होता. तो हसून म्हणाला, "ये, ये. आज इथे फॅशन शो आहे. मी बाबांना शंभरदा सांगितलं, दुकानातून आणू या, तिच्या पसंतीचा. पण ऐकतील तर शपथ."

"शिवला तर शिवला," सून म्हणाली. "तुम्हाला तर साधी उशीची खोळ घालता येत नाही." सून या घरात आली त्या दिवसापासून आप्पांच्या बाजूची होती. दादाला त्याची कायम खंत होती.

चहा झाला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. रोपवाटिकेतल्या माणसाला शनिवारी सुट्टी मिळाली का, दादाची गाडी कुणाला आणायला जाणार, असं बरंच. सह्यांचा विषय काही निघाला नाही. आप्पा प्रत्येक वाक्यात तो शोधत होते. शेवटी त्यांनाच धीर धरवेना. ते आत गेले आणि हँगरला लावलेला ड्रेस घेऊन बाहेर आले.

मावशी आधी उठली. तिने ड्रेस उलटा केला आणि शिवणी बघितल्या, जशी बाजारात बाई भाजी उलटून बघते. "टीप सरळ आहे हो भाऊजी! इतकी सरळ तर आमच्या कारखान्यात वीस वर्षं झालेल्या बायकांची नसते."

आप्पांचे कान लाल झाले. "कापडही वाया घालवलं नाही," ते म्हणाले. "आधी कागदावर मांडणी काढली. तळहाताएवढी चिंधीसुद्धा उरली नाही."

"काही उरलं नाही?" मावशीने विचारलं.

"काही नाही," आप्पा अभिमानाने म्हणाले.

धाकटी मात्र जागची हलली नव्हती. ती कापडाकडे बघत होती. "हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"तुझ्या आईच्या कपाटात. तळाशी."

"पाकीटही होतं?"

त्यांनी पाकीट दिलं. धाकटीने मापांवरून नजर फिरवली, खालचं नाव वाचलं, आणि पाकीट टेबलावर पालथं ठेवलं. आप्पांना वाटलं, आईच्या आठवणीने तिला भरून आलं असेल. ते बिचारे मनातून सुखावले.

"घालून बघते," ती म्हणाली, आणि सुनेला मागची बटणं लावायला घेऊन आत गेली.

बाहेर आली तेव्हा दादासुद्धा पाय खाली घेऊन नीट बसला. ड्रेस सुंदरच बसला होता. खांद्यावर रेघ न रेघ जिथल्या तिथे, कमरेवर एक सुरकुती नाही. लेकीकडे इतकं मन भरून कधी बघितल्याचं आप्पांना आठवेना. आता ती म्हणेल, असं त्यांना वाटलं. आता म्हणेल, बाबा, शनिवारी दुसरी सही तुम्ही करा.

"हात वर कर," मावशी म्हणाली.

धाकटीने हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला.

"अगं, वर कर की."

"होत नाहीये, मावशी." तिने दुसरा हात करून बघितला. शिवण करकरली. दंडावर कापड असं ताणलं की आतला हात आवळून निघाला.

मावशी तिच्याजवळ गेली, बगलेखाली बोटं घालायचा प्रयत्न केला, एकही शिरेना. तिचा चेहरा बदलला. "भाऊजी, बाहीचा कागद आणा बरं."

आप्पांनी कागद फाइलीतच लावून ठेवले होते, अनुक्रमांक घालून. सात नंबरचा कागद त्यांनी काढून दिला, आणि देताना समजावूनही सांगितलं. त्यांना ती गोष्ट कधीची कुणाला तरी सांगायची होती. "या नमुन्यात एक चूक होती. छापणाऱ्यांची. मी दोरा लावून मोजलं. मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या भोकाचा, घेर पंचेचाळीस सेंटीमीटर आणि बाहीचा माथा एकोणपन्नास! पत्रकात लिहिलंय, बाही मुंढ्यात सामावून घ्या. आता पंचेचाळिसात एकोणपन्नास सामावणार कसे? इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही बघ. मग मी दोन्ही बाजूंनी दोन-दोन सेंटीमीटर कमी केले. अगदी तंतोतंत बसली."

मावशीला आधी हसू आलं, मग ते अर्ध्यातच विझलं.

"ती चूक नव्हती, भाऊजी," ती म्हणाली. "बाही मुंढ्यापेक्षा मोठीच असते. सगळ्या जगात. ते जास्तीचं कापड बोटांनी जरा जरा आत लोटत शिवायचं, चुणी पडू न देता. त्यातूनच हाताला हलायला जागा होते. कुठल्याही शिकाऊ पोरीने सांगितलं असतं तुम्हाला."

"पण मापं जुळत नव्हती."

"जुळायचीच नसतात ती."

आप्पांनी कागद परत हातात घेतला, जणू त्यावर अजून काही लिहिलेलं सापडेल. "मग आता थोडं सोडता येईल ना? शिवणीतून?"

"शिवणीच्या आत जास्तीच्या कापडाची माया ठेवलीत का काही?"

"ठेवली होती. पण आतून नीट दिसेना म्हणून नंतर कातरून टाकली."

"नव्या बाह्यांना कापड?"

त्याचं उत्तर ते मघाशीच देऊन बसले होते. दादाने मांडीवर थाप मारली. "झालं! मी काय म्हणत होतो? ज्याचं काम त्याने करावं. तीन महिने घर डोक्यावर घेतलं आणि हे असं. आईचं कापडही गेलं." त्याने आधारासाठी बहिणीकडे बघितलं. बापाविरुद्ध ती आपल्या बाजूला असणार हे तो धरूनच चालला होता.

"दादा, तू गप्प बस," धाकटी म्हणाली. "तू आईसाठी कधी दोरा तरी ओवून दिलास का?"

सून आप्पांच्या शेजारी येऊन उभी राहिली. नेहमीप्रमाणे ती त्यांची बाजू घेईल असं आप्पांना वाटलं, पण ती म्हणाली, "बाबा, तो कागद ठेवा ना आता. तिच्याकडे बघा."

त्यांनी बघितलं. धाकटीने हात पुढे करून तो कागद त्यांच्याकडून मागून घेतला. कोपऱ्यात टोकदार पेन्सिलीने, बारीक सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'चूक. ४ सें.मी. जास्त. दु. केले.' खाली तारीख, आणि आप्पांची छोटी सही. ऑफिसात दुरुस्त केलेल्या प्रत्येक नकाशावर ते 'दु.' लिहून अशीच सही करत.

"ही सही," धाकटी म्हणाली. "माझ्या सात चित्रांच्या मागे होती."

"कुठली चित्रं?" दादाने विचारलं.

आप्पांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. बावीस वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ त्यांना टेबलासकट, दिव्यासकट दिसली.

"मला कपड्यांच्या डिझाइनच्या कॉलेजात जायचं होतं," धाकटी दादाला म्हणाली, पण बघत होती ती कागदाकडे. "प्रवेशासाठी सात चित्रं पाठवायची होती. वर्षभर काढत होते. आदल्या संध्याकाळी गुंडाळी करून ठेवली आणि मैत्रिणीकडे गेले. सकाळी तशीच नेऊन टाकली पोस्टात. नापास झाले. चित्रं परत आली, सोबतच्या चिठ्ठीत तपासणाऱ्यांनी लिहिलं होतं, रेघा स्वच्छ आहेत, पण काढणारी कुठे दिसत नाही. दोन दिवस गुंडाळी न सोडता मी समजत होते की मला काही येतच नाही. तिसऱ्या दिवशी चित्रं फाडायला घेतली तेव्हा ती उलटी झाली."

"मला वाटलं," आप्पा म्हणाले, "मला वाटलं तुला मदत होईल. रेघा वाकड्या होत्या गं. बाहुल्यांचे खांदे एक वर, एक खाली. मी पट्टी लावून, खोडून, सगळे सरळ केले. जेवायलाही उठलो नाही त्या दिवशी."

"माहितीये. आईने सांगितलं."

"आईला ठाऊक होतं?"

"मी तिला मागची सही दाखवली. मी तुमच्याशी भांडायलाच निघाले होते. ती दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, त्यांना सांगू नकोस, त्यांना सोसणार नाही. जन्मभर स्वतःला खात बसतील." धाकटीने ड्रेसच्या घेरावरून हात फिरवला. "हे कापड तिने कॉलेजच्या पहिल्या दिवसासाठी आणलं होतं. कापायला घेणार तेवढ्यात चित्रं परत आली. मग तिने ते तळाशी ठेवून दिलं. महिन्याभराने मी धुलाई केंद्रात नोकरी धरली आणि घर सोडलं. लोकांचे कपडे मोजून घेते, मोजून देते. वाईट नाही. पण ते काम मी मागितलं नव्हतं."

मावशी नाक पुसत होती. तिलाही हे नवीन नव्हतं, हे आप्पांना तिच्याकडे बघून कळलं. म्हणजे तिघींना ठाऊक होतं. फक्त ज्याने केलं त्याला सांभाळण्यासाठी तीन बायकांनी बावीस वर्षं तोंडं शिवून घेतली होती, आणि तो मात्र पोरगी तुसडी निघाली, कॉलेजवाले वशिल्याचे होते, असं म्हणत ऐटीत फिरत होता. आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू तरी बोलायचंस," ते म्हणाले. "एकदा तरी."

"बोलले असते तर काय म्हणाला असतात?"

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी विचार केला. "म्हणालो असतो, रेघा वाकड्याच होत्या."

धाकटी हसली. रडू येत असताना येतं तसलं हसू. "होत्याच. माणसं सरळ उभी राहत नाहीत, बाबा. कापड त्यांच्या अंगावर वाकडंच पडतं. तेच काढायचं होतं मला."

"चुकलं माझं," आप्पा म्हणाले.

छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या नकाशांवर 'चूक' हा शब्द लिहिला होता. तो स्वतःच्या नावाशी लावायला एवढंसं वाक्य पुरतं, हे कळायला फार उशीर झाला होता. ज्या बाईने ते ऐकण्यासाठी इतकी वर्षं काढली असतील ती आता नव्हती. आणि धाकटीने ऐकलं खरं, पण 'असू दे' म्हणाली नाही. म्हणण्यासारखं नव्हतंच ते.

"मी बदलून येते," थोड्या वेळाने ती म्हणाली. सुनेने मागची बटणं काढली, पण पुढे काही होईना. हात वर गेल्याशिवाय ड्रेस डोक्यावरून निघेना, आणि घामाने बाह्या दंडाला अशा चिकटल्या की ओढूनही उतरेनात. आधी सून, मग मावशी, दोघींनी झटून बघितलं. दादाला अशा वेळी हसू येतं. तो तोंड दाबून गॅलरीत गेला.

"उसवाव्या लागतील अंगावरच," मावशी म्हणाली आणि पिशवीतून आपली बारीक टोकदार कात्री काढली.

"बाबांना दे," धाकटी म्हणाली. "त्यांचीच शिवण आहे."

तिने खुर्ची खिडकीजवळ उजेडात ओढली आणि पाठमोरी बसली. आप्पांनी चष्मा बदलला, मागे स्टूल घेतलं, आणि तिच्या उजव्या खांद्यावर वाकले. टाके त्यांनी फार बारीक घातले होते, मशीनचा काटा सगळ्यात लहान आकड्यावर ठेवून, शिवाय पक्की व्हावी म्हणून दोनदा टीप मारलेली. कात्रीचं टोक टाक्याखाली घालायचं, उचलायचं, तोडायचं. मग पुढचा. लेकीची कातडी तर दोऱ्याच्या लगेच खाली होती. टोक तिला लागेल या भीतीने त्यांनी श्वास धरला.

आतून कपबशा विसळल्याचा आवाज येत होता. मावशी आणि सून मुद्दाम तिकडे गेल्या होत्या.

"ठिपके," आप्पा म्हणाले. बावीस वर्षांत ही हाक त्यांनी मारली नव्हती. ती वळली नाही, पण मान जराशी कलती झाली. "शनिवारी दुसरी सही कुणाची आहे?"

"मावशीची. महिन्यापूर्वीच सांगितलंय तिला."

कात्री थांबली. आप्पांना वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला राग येईल. आला नाही. बरोबर होतं ते, आणि बरोबर होतं म्हणूनच फार लागलं.

"तुम्ही या," धाकटी म्हणाली. "अकराला आहे. दादाबरोबर या."

"बरं."

"आणि तिथे कुणाचा फॉर्म तपासू नका."

"नाही."

उजवी बाही सुटली. तिने हात वर केला, डोक्याच्याही वर, बोटं ताणली, आणि खाली घेतला. दंडावर शिवणीचा लाल वळ उठला होता. आप्पांना त्याच्यावरून हात फिरवावासा वाटला. त्यांनी स्टूल उचललं आणि डाव्या बाजूला जाऊन बसले.

"सावकाश करा," ती म्हणाली. "मला घाई नाही."

आप्पांनी दोऱ्याखाली टोक घातलं. पोरगी एवढा वेळ त्यांच्या इतक्या जवळ बसली त्याला किती वर्षं झाली, हे त्यांनी मनात मोजायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. ते एक एक टाका जमेल तितका हळू तोडत राहिले, पण बाही ती केवढी, टाके थोडेच उरले होते.